तेच स्वयंपाकघर, दुसरी आई: 'कोरलाइन'मध्ये मोहाची भीती कशी होते

'कोरलाइन' (2009) हा हेन्री सेलिक यांनी दिग्दर्शित केलेला स्टॉप मोशन (बाहुल्या किंचित हलवत एकेक फोटो घेऊन केलेला) चित्रपट नील गेमन यांच्या 2002 सालच्या लघुकादंबरीवर आधारलेला आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या हिल्सबरो इथल्या लाइका स्टुडिओचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. गोष्ट थोडक्यात अशी: नव्या घरात कंटाळलेली एक मुलगी भिंतीतल्या छोट्या दारातून पलीकडे जाते. पलीकडेही हेच घर आहे, हेच आईबाबा आहेत. सगळं इथल्यापेक्षा छान आहे, फक्त डोळ्यांच्या जागी काळी बटणं शिवलेली आहेत.

ही पलीकडची आई पहिल्या भेटीत प्रेक्षकाला आवडावी लागते. कोरलाइनला तिथे राहावंसं वाटलं पाहिजे आणि आपल्यालाही. शेवटाकडे मात्र त्याच बाईपासून पळ काढावासा वाटला पाहिजे. मधे राक्षसाचा प्रवेश नाही, रक्त नाही, मरण दाखवलेलं नाही. मग बदललं काय? उत्तर तंत्रात आहे. भीतीसाठी सेलिक आणि छायालेखक पीट कोझाचिक यांनी निराळी साधनं आणलेली नाहीत. खोलपणा, रंग, चेहरा आणि आवाज या ज्या चार गोष्टींनी भुरळ घातली, त्याच पुढे प्रमाणाबाहेर ताणल्या आहेत.

दोन स्वयंपाकघरं

खरी आई बागकामाच्या कॅटलॉगच्या कामात बुडालेली आहे. घर करड्या-तपकिरी रंगाचं, बाहेर पाऊस आणि चिखल. पलीकडच्या स्वयंपाकघरात ऊबदार उजेड आहे, ओट्याशी गुणगुणणारी आई आहे. दोन्ही जागांचे ओळख करून देणारे शॉट कॅमेरा त्याच जागी ठेवून घेतले आहेत आणि सपाट पडद्यावर दोन्ही चौकटी जवळजवळ जुळतात. फरक सेटच्या बांधणीत आहे.

खऱ्या घराचे अंतर्भाग जबर फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह वापरून बांधले होते, म्हणजे सेट मुळात उथळ, पण मागे जाताना सगळं लहान आणि निमुळतं करून खोल भासवलेला. पलीकडच्या खोल्या नेहमीच्या प्रमाणात बांधल्या. चित्रपट त्रिमितीत म्हणजे डाव्या-उजव्या डोळ्यासाठी वेगवेगळी प्रतिमा घेऊन चित्रित झाला असल्यामुळे खऱ्या घरात प्रेक्षकाला दोन उलटसुलट इशारे मिळतात. रेषा सांगतात की खोली लांब आहे, दोन डोळे सांगतात की मागची भिंत अगदी जवळ आहे. ही विसंगती जाणीवपूर्वक कुणाच्या लक्षात येत नाही, पण कोंदटपणा जाणवतो. दार उघडून पलीकडे गेलं की दोन्ही इशारे जुळतात आणि मोकळं वाटतं.

हे किती बारकाईचं काम आहे ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. पुढचं उदाहरण तत्त्व समजावं म्हणून घेतलं आहे, ती लाइकाच्या सेटची मापं नव्हेत. समजा, कॅमेरा सेटच्या पुढच्या कडेपासून 100 सेंमीवर आहे आणि भिंगाचा अक्ष जमिनीपासून 30 सेंमी उंच आहे. साध्या सेटमध्ये खोलीची लांबी 100 सेंमी, मागची भिंत 60 सेंमी उंच. हीच चौकट 50 सेंमी लांबीच्या सेटमध्ये हवी असेल तर मागची भिंत भिंगापासून 200 ऐवजी 150 सेंमीवर येते. तेवढीच दिसण्यासाठी तिची उंची 60 × 150 ÷ 200 म्हणजे 45 सेंमी ठेवावी लागते. जमीन मागे जाताना साडेसात सेंमी वर चढवावी लागते (साधारण साडेआठ अंशांचा चढ) आणि छत तेवढंच खाली आणावं लागतं. खिडक्या, फरशीच्या रेघा, मागच्या फळीवरचे डबे हे सगळं त्याच गुणोत्तरात कमी करत न्यायचं.

डोळ्यांना मिळणारा खोलपणाचा इशारा अंतराच्या व्यस्तावर ठरतो. साध्या सेटमध्ये पुढची कड आणि मागची भिंत यांच्यातला फरक 1/100 वजा 1/200 म्हणजे 0.005. उथळ सेटमध्ये 1/100 वजा 1/150, सुमारे 0.0033. म्हणजे चौकट तीच, पण डोळ्यांना जाणवणारा खोलपणा दोन तृतीयांश. एक तृतीयांश हवा काढून घेतलेली खोली, असं म्हणायला हरकत नाही.

यात बिघडतं ते बाहुली चालायला लागली की. मागच्या बाजूला सगळं सामान लहान केलेलं असतं, बाहुलीची उंची मात्र तीच राहते. ती मागच्या भिंतीशी गेली की एकदम धिप्पाड दिसते आणि गुपित फुटतं. म्हणून अशा सेटवर पात्रांच्या हालचाली पुढच्या भागात ठेवतात, नाहीतर मागच्या भागासाठी लहान आकाराची वेगळी बाहुली करतात. दुसरी अडचण चढाची. पाय जमिनीला समांतर टेकवला की अंग मागे झुकतं, म्हणून घोट्याचा सांधा दर पावलाला उलटा वळवावा लागतो. तिसरी अडचण अशी की कॅमेरा ठरलेल्या जागेवरून बाजूला सरकला की भ्रम मोडतो. खऱ्या जगात शॉट स्थिर आणि पलीकडे कॅमेरा तरंगता ठेवण्याकडे जो कल असतो, त्यामागे भावनेइतकंच हे व्यावहारिक कारणही आहे.

एक कॅमेरा, दोन डोळे

स्टॉप मोशनमध्ये त्रिमितीसाठी दोन कॅमेरे लागत नाहीत. बाहुली हलतच नसल्यामुळे एकच कॅमेरा डाव्या जागी ठेवून एक फोटो आणि तोच उजवीकडे सरकवून दुसरा फोटो घेता येतो. 'कोरलाइन'साठी असंच केलं. सेकंदाला 24 फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमचे दोन फोटो, म्हणजे सेकंदाला 48. दोन्ही फोटोंसाठी भिंग एकच असल्यामुळे दोन भिंगांमधल्या बारीक फरकांची कटकटही संपते.

कॅमेरा किती सरकवायचा, यावर सगळी भावना तोललेली आहे. माणसाच्या डोळ्यांतलं अंतर सुमारे 65 मिमी. कोरलाइनची बाहुली जेमतेम 24 सेंमीची, म्हणजे शाळकरी मुलीच्या साधारण एक षष्ठांश. 65 ला 6 नं भागलं की 11 मिमी येतात. एवढं सरकवलं तर बाहुली आपल्याला मुलीएवढी वाटते. 30 मिमी सरकवलं तर मेंदू तिला खेळण्याएवढी समजतो आणि भावनेत गुंतायचं सोडून कारागिरी न्याहाळायला लागतो. 3-4 मिमीवर आणलं तर सगळं सपाट आणि अवाढव्य. पडद्याबाहेर काहीतरी अंगावर फेकण्याचा सोस या चित्रपटात फारसा नाही आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. अगदी सुरुवातीला कापडातून थेट आपल्याकडे निघणारी सुई हा मोजका अपवाद. धोका बाहेर येऊ शकतो हे एकदा दाखवून दिलं की पुढे नुसतं बोट उगारलेलं पुरतं.

त्या सुरुवातीबद्दल थोडं. नामावली चालू असताना धातूच्या सुयांचे हात एका कापडी बाहुलीचे टाके उसवतात, तिला उलटी करतात, आतला भरणा काढतात, नवा भुसा भरतात आणि नवी बटणं लावतात. हे शिवणकाम आहे आणि शवविच्छेदनही. चेहरा दिसत नाही, फक्त हात दिसतात. पुढे बटणांचे डोळे दिसतात तेव्हा कोरलाइनला त्यांचा अर्थ माहीत नसतो, प्रेक्षकाला मात्र अंदाज असतो. पलीकडचं जग अगदी गोड असतानाही त्यात एक खडा राहतो, तो या काही मिनिटांमुळे.

बटणं: नजर काढून घेतली की

अॅनिमेशनमध्ये अभिनयाचा मोठा वाटा डोळ्यांवर असतो. पापण्या, बुबुळांची दिशा, डोळे किती उघडे, यावर पात्र काय विचार करतंय ते कळतं. पलीकडच्या आईकडे यातलं काहीच नाही. उरतात भुवया, तोंड, मान आणि हात.

चेहऱ्यांसाठी लाइकानं थ्रीडी प्रिंटरवर छापलेले बदली चेहरे वापरले. पूर्ण लांबीच्या स्टॉप मोशनपटात बदली चेहरे असे छापण्याची ही पहिलीच वेळ. चेहरा पांढऱ्या रेझिनमध्ये छापून हातानं रंगवायचा. भुवया-कपाळाचा वरचा तुकडा वेगळा आणि तोंडाचा खालचा वेगळा. दोन्हींच्या जोड्या बदलून कोरलाइनसाठी दोन लाखांहून जास्त हावभाव शक्य होते असं सांगितलं जातं. दोन तुकड्यांमधली आडवी फट नंतर संगणकावर पुसली. हातरंगाईत धोका असतो तो छटेचा. दोन चेहऱ्यांमध्ये गालाचा रंग किंचित वेगळा पडला तरी बोलताना गाल लुकलुकतो. त्यामुळे एका वाक्याला लागणारे सगळे चेहरे एकाच रंगमिश्रणातून, एका बैठकीत रंगवणं शहाणपणाचं.

आता दोन्ही आयांची तुलना करा. खऱ्या आईच्या मानेला अपघातामुळे पट्टा आहे. तिची मान वळत नाही, डोळ्यांखाली थकवा आहे, हावभाव आखडते आहेत. पलीकडची आई मान डौलात वळवते, तोंडभर हसते. मोहात पाडण्याचं काम मान करते. पुढे कोरलाइन बटणं शिवून घ्यायला नकार देते, माफी मागायलाही तयार होत नाही, तेव्हा आई तीन आकडे मोजते आणि मोजता मोजता उंच होत जाते. गाल आत जातात, बोटं लांबतात आणि तीच मान बगळ्यासारखी वर निघते. शेवटच्या रूपात चेहरा तडे गेलेल्या चिनीमातीचा, हात सुयांचे, खाली कोळ्याचे पाय. ही रूपं एका झटक्यात बदलली असती तर वेषांतर वाटलं असतं. टप्प्याटप्प्यानं बदलल्यामुळे कळतं की पहिली प्रेमळ आई हेच सोंग होतं.

बटणांवर प्रकाश टाकणं हे वेगळंच काम आहे. चकचकीत काळा पृष्ठभाग समोरचं सगळं दाखवतो: दिवे, कॅमेरा, अॅनिमेटरचा शर्ट. बटणावर एक नेमका पांढरा ठिपका असेल तर ते डोळ्यासारखं जिवंत वाटतं, ठिपका नसेल तर नुसतं भोक. हा ठिपका कुठे ठेवायचा आणि कधी विझवायचा, एवढ्यानंही अभिनय होतो.

स्थिरतेचंही तसंच. स्टॉप मोशनमध्ये बाहुली पूर्ण निश्चल राहिली की अर्ध्या सेकंदात मेल्यासारखी वाटते, म्हणून एरवी श्वासाएवढी बारीक हालचाल चालू ठेवतात. भयपटाला हाच दोष उपयोगी पडतो. कोरलाइन सतत चुळबुळत असताना समोरचं पात्र बटणं रोखून थिजलेलं असलं की त्याच्या आत कुणी नाही हे बोलून दाखवावं लागत नाही. वायबी हा कोरलाइनच्या शेजारचा मुलगा. पलीकडच्या वायबीला बोलता येत नाही आणि पुढे त्याचं तोंड दोऱ्यानं हसरं शिवलेलं दिसतं. पलीकडच्या बाबांना पियानोचे यांत्रिक हातमोजे वाजवायला लावतात. पहिल्यांदा पाहताना तो विनोद वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना बिचाऱ्याचे हात त्याचे नाहीत हे लक्षात येतं.

रंग आणि चंद्र

रंगाचं गणित सोपं आहे. अलीकडे राखाडी, पलीकडे भडक. एका जेवणात झुंबर खाली उतरतं आणि त्यातून कोरलाइनला हवा तो मिल्कशेक मिळतो. तो आंब्याचा, त्यामुळे आपल्याकडे हा प्रसंग जरा जास्तच पटतो. वरून पाहिलं तर बागेत फुलांनी कोरलाइनचा चेहरा रेखलेला दिसतो. फुललेल्या झाडांसाठी रंगवलेल्या मक्याच्या लाह्या वापरल्या होत्या.

नंतर पलीकडच्या आईनं आधी फसवून नेलेल्या मुलांचे डोळे कोरलाइन शोधत फिरते तेव्हा एकेक जागा रंग सोडून दगडी करडी होते आणि आकाशात चंद्रावर बटणाची सावली सरकत जाते. वेळ संपत आल्याचं घड्याळ न दाखवता सांगितलं आहे. रंग अलीकडच्या करड्यापाशी परत येतो, पण अलीकडचं करडं कंटाळ्याचं होतं आणि हे मरणाचं आहे. दोन्हींत फरक कॉन्ट्रास्टचा: घरात मऊ, पसरलेला पावसाळी उजेड, इथे कडक सावल्या.

काहीच नसलेली जागा

माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात धाडसी प्रसंग कोरलाइन घराकडे पाठ करून चालत सुटते तो. झाडांचे तपशील गळत जातात, मग आकार गळतात, शेवटी फक्त पांढरं उरतं. मांजर बरोबर असतं. ती पुढे जात राहते आणि समोर परत तेच घर येतं. चेटकिणीनं, म्हणजे पलीकडच्या आईनं, जग लागेल तेवढंच बनवलं आहे.

भयपटात अंधार वापरणं सोपं, कारण अंधारात काहीतरी असू शकतं. पांढऱ्यात काही नाही हे स्पष्ट दिसतं. क्षितिज नाही, सावली नाही, पोत नाही, त्यामुळे दोन डोळ्यांना पकडायला काहीच मिळत नाही. इतका वेळ खोलपणाची सवय लावून मग तो पूर्ण काढून घेतला आहे. सपाट द्विमितीत पाहिलं तरी प्रसंग चालतो, पण हा धक्का बराच बोथट होतो.

संगीत ब्रूनो कूले यांचं आहे. मुलांचा कोरस निरर्थक शब्दांत गातो. भाषा ओळखीची वाटते आणि अर्थ हाती लागत नाही, म्हणजे पलीकडच्या घरासारखंच. मोहाच्या आणि भयाच्या दोन्ही प्रसंगांत मुलांचेच आवाज वापरल्यामुळे कधी सावध व्हायचं हे संगीत आधीच सांगून टाकत नाही.

पकड सुटते ती डोळे शोधण्याच्या भागात. तीन जागा, तीन वस्तू, तीन राखणदार अशी खेळाची रचना होते आणि प्रेक्षक घाबरायचं सोडून मोजायला लागतो. प्रत्येक जागेची सजावट अप्रतिम आहे, पण भीतीला अंदाज बांधता येणं मानवत नाही. पुढे बैठकीच्या खोलीची जमीन निसटून तिचं जाळं होतं तेव्हाच ताण परत येतो. मांजरानं बटणं ओरबाडल्यावर आंधळी झालेली चेटकीण धाग्यांच्या थरथरीवरून कोरलाइनचा माग काढते. आता हालचाल करणं हाच धोका. अॅनिमेशनसारख्या हालचालीवर जगणाऱ्या माध्यमात पात्राला हलायची चोरी करणं, ही कल्पना दाद देण्याजोगी.

टेबलावर करून पाहायचं तर

हे सगळं दोन मीटर लांब टेबलावर, लहान चमूलाही पडताळता येतं. 5 मिमी जाडीच्या फोमबोर्डची दोन स्वयंपाकघरं करा, वरच्या उदाहरणातल्या मापांनी, एक साधं आणि एक उथळ. जमिनीला मात्र 6 मिमी प्लायवूड घ्या, कारण बाहुलीचे पाय खालून एम3 (3 मिमी जाडीच्या) स्क्रूनं आवळायचे असतात आणि फोमबोर्ड तो ताण सोसत नाही. भोकं आधीच पाडून ठेवा आणि न वापरलेली जमिनीच्या रंगाच्या प्लास्टिसिननं बुजवा.

त्रिमितीची सोय नसेल तर खोलपणा कॅमेरा सरकवून दाखवायचा. उथळ सेटसमोर कॅमेरा हलवूच नका. साध्या सेटसमोर तो 48 फ्रेममध्ये 20 सेंमी बाजूला न्या. सगळीकडे सारखी पावलं टाकली तर सुरुवातीला आणि शेवटी हिसका बसतो. पहिल्या फ्रेमला अर्धा मिमी, मग दर फ्रेमला अर्धा मिमी वाढवत आठव्या फ्रेमला 4 मिमी, मधल्या 32 फ्रेममध्ये दर वेळी सुमारे 5 मिमी आणि शेवटच्या आठ फ्रेममध्ये तसंच उतरत या. सरकपट्टीला पोलादी पट्टी चिकटवा आणि नेहमी एकाच बाजूनं ढकला, नाहीतर स्क्रूमधली ढिलाई चित्रात उतरते.

उजेडात अलीकडच्या घरासाठी ट्रेसिंग पेपरमधून आलेला एक मोठा मऊ दिवा, उजळ आणि सावलीच्या बाजूत एका स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). पलीकडे पहिल्या भेटीत दिव्याला हाफ सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक कागद) लावून दोन स्टॉपचा फरक ठेवा, शेवटच्या भेटीत जेल काढून तीन ते चार स्टॉप. बटणाच्या ठिपक्यासाठी भिंगाशेजारी एक छोटा एलईडी आणि कॅमेऱ्याभोवती काळं कापड, भोक फक्त भिंगापुरतं.

चित्र लुकलुकण्याची कारणं बहुधा ठरलेली असतात. एक, भिंगाचं छिद्र दर फोटोला किंचित वेगळं बंद होतं. उपाय म्हणजे हातानं फिरवायच्या कड्याचं जुनं भिंग. दोन, एलईडीचा डिमर. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या पटीत ठेवा. अर्धा सेकंद ठेवलं तर बहुतेक लुकलुक सरासरीत विरून जाते. तीन, संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि हॅलोजन पिवळा होतो, म्हणून दिवे स्टॅबिलायझरवर. चार, अॅनिमेटरचे कपडे. पांढरा शर्ट सेटवर उजेड परत फेकतो आणि माणूस दर फ्रेमला वेगळ्या जागी उभा असतो. काळा शर्ट घालायचा आणि फोटो काढताना दर वेळी एकाच खुणेवर उभं राहायचं. ऑटो फोकस, ऑटो व्हाइट बॅलन्स आणि कॅमेऱ्याची आपोआप झोपी जाण्याची सोय, तिन्ही पहिल्या फ्रेमआधी बंद.

दोन्ही शॉट तयार झाले की आधी रंग काढून कृष्णधवल पाहा आणि आवाजही बंद ठेवा. तरीही पहिलं घर कोंदट आणि दुसरं मोकळं वाटलं, तर बांधणी जमली आहे. नाही वाटलं, तर रंगाला हात लावण्याआधी मागची भिंत आणखी 10 सेंमी पुढे घ्या आणि उंचीचं गणित पुन्हा करा: 140 सेंमीवर ती 42 सेंमी भरेल आणि जमीन 9 सेंमी चढेल.